धाप लागेल असं काही नको

हॉस्पिटलमध्ये माझ्या खाटेशेजारच्या कपाटात माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. किडनी म्हणजे काय, डायलिसिस म्हणजे काय, घरी गेल्यावर काय खावं. सगळी मी वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या. पण मला हवं होतं ते त्यात नव्हतं. आजारी पडायच्या आधी ज्या माणसाला आपलं शरीर आवडत होतं, त्याच्याकडून रोज भरपूर काम करून घेण्यात ज्याला मजा येत होती, त्यानं पुढचे महिने कसे काढायचे? ते कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी लिहिते आहे. उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारा. बाकीचं मी सांगते.

मी आणि बर्फ

मी मीनल. पन्नाशीला आलेली, मूळची पुण्याची. दक्षिण गोलार्धातल्या हॅमिल्टनमध्ये सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळते, म्हणजे कुणी काय कधीपर्यंत करायचं याच्या याद्या करते आणि लोकांच्या मागे लागते. घरीही तेच करते असं माझा नवरा महेश म्हणतो. आमची मुलगी रेवा सतरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

मी पहिल्यांदा स्की पायात घातल्या त्या चाळिशी उलटल्यावर. ऑफिसातली बार्ब मला एका हिवाळ्यात देशाच्या दक्षिण बेटावर घेऊन गेली. बार्ब माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, निवृत्तीला टेकलेली. डोंगरावरून सुसाट खाली येतात ते स्कीइंग वेगळं. आमच्या प्रकारात, क्रॉस-कंट्रीत, चढही आपल्याच पायांनी आणि हातातल्या काठ्यांनी चढायचा असतो. लांबच लांब पठार, त्यावर यंत्रानं आखलेल्या दोन बारीक खाचा आणि त्या खाचांतून घसरत जाणारे आपण. पहिल्या दिवशी मी इतक्यांदा पडले की बार्ब म्हणाली, "मीनल, तू बर्फ मोजते आहेस का?" पण दुपारी कधीतरी एक ढकल नीट बसली आणि दुसरं काहीही न करता मी बराच वेळ पुढे जात राहिले. त्या सरकण्यासाठी मी नंतरची सगळी वर्षं राबले.

मग शर्यती आल्या. माझ्या वयोगटात बायका मोजक्याच. आधी मी शेवटून पहिली यायचे, नंतर मधे कुठेतरी. या ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, मी पहिल्यांदाच लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरणार होते, त्या पठाराला पूर्ण वळसा घालणाऱ्या. पन्नासावा वाढदिवस तिथेच, उभ्यानं, काठ्यांवर रेलून, धापा टाकत साजरा करायचा असं मी ठरवलं होतं. या लेखात पुढे जे काही आहे, ते त्या एका शर्यतीवर डोळा ठेवून वाचावं. मीही सगळं तसंच जगले.

उन्हाळ्यातला रस्ता

हॅमिल्टनला बर्फ पडत नाही. आणि स्कीअर तयार होतो तो उन्हाळ्यात. आमचा ऑफ-सीझन म्हणजे विश्रांतीचा काळ असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात शर्यतींचे दोन महिने सोडले तर बाकी सगळं वर्ष ऑफ-सीझनच असतं. त्यात धावायचं, काठ्या घेऊन टेकड्या चढायच्या, गॅरेजमध्ये दोऱ्या ओढायच्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोलर-स्की. हातभर लांबीची पट्टी, तिला पुढे-मागे एकेक चाक. ती पायात अडकवून डांबरी रस्त्यावरून स्कीइंग करायचं. काठ्यांना टणक टोकं असतात, ती डांबरात टिक्-टिक् वाजतात.

शहराबाहेर पडलं की आमच्या वायकाटो प्रांताचे सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना कुरणं. मी आणि बार्ब रविवारी पहाटे निघायचो. यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाड्यांतून, जाणारे लोक काच खाली करून ओरडायचे, "बर्फ त्या बाजूला आहे, लव्ह!" बार्ब काठी उंचावून म्हणायची, "तिकडेच चाललोय!" मला तो टिक्-टिक् आवाज, कुरणावरचं धुकं आणि छाती भरून येणारी धाप इतकी आवडायची की सोमवारच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसून तीच आठवत असायचे.

त्या रस्त्यांवर ठरावीक जागी गायी ओलांडतात. दूध काढून झालं की सगळा कळप एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जातो, आणि मागे डांबरावर शेणमुताचा हिरवट थर राहतो. पाऊस पडून गेला असेल तर तिथे डबकं होतं. रोलर-स्कीची चाकं त्यातून गेली की सगळं पोटऱ्यांवर, हातांवर, कधी तोंडापर्यंत उडतं. बार्ब अशा जागी थांबायची, स्की काढायची आणि बाजूच्या गवतातून चालत जायची. घरी गेल्यावर पाइपानं सगळं धुवायची. मी हसायचे.

"इतकं काय त्यात? आमच्याकडे घरं सारवतात शेणानं," मी म्हणायचे.

"घरं?" ती थांबून विचारायची. "आतून?"

वाईजवळच्या आमच्या आत्याकडे मी लहानपणी सुट्टीत सारवण केलेलं आहे. कोपरापर्यंत हात शेणात घालून. शेणाची मला कधी किळस आलेली नाही. त्यामुळे मी सरळ त्या थरातून जायचे. चाकात अडकलं की उघड्या हातानं काढून टाकायचे. काठ्यांच्या पट्ट्यांनी तळव्यांना फोड यायचे, ते फुटायचे. पाणी प्यायचं असेल की हातमोजा दातांनी ओढायचे, कारण काठ्या खाली ठेवण्यात वेळ जातो. मिनिटं मोजणारी बाई मी, वेळ वाचवला म्हणून स्वतःवर खूश असायचे.

हळदीकुंकू

जानेवारीच्या अखेरीला आमच्या ओळखीच्या एका घरी हळदीकुंकू होतं. मी आदल्या दिवशी टेकडीवरचे चढ केले होते आणि माझ्या पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पायऱ्या उतरताना मी कठडा धरला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पोटऱ्या दुखतात म्हणजे सराव लागू पडतो आहे, हे आमचं गणित.

"डोळे किती लाल झालेत गं तुझे," यजमानीणबाई कुंकू लावताना म्हणाल्या.

"ऊन लागलं असेल."

"पळत असते ना ती रस्त्यानं चाकं लावून," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्या यांनी पाहिलं परवा. हे म्हणाले, मीनलवहिनींची बस चुकली वाटतं."

सगळ्या हसल्या, मीही हसले. तिळगूळ मात्र तोंडात फिरत राहिला, गिळवेना.

रात्री ताप भरला. डोकं असं दुखत होतं की कुणी डोळ्यांच्या मागून अंगठे दाबतं आहे. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी विषाणूचा ताप असावा असं सांगितलं. त्यांचा दोष नाही, मी त्यांना फक्त तापाबद्दल सांगितलं. पोटऱ्यांचं बोललेच नाही, कारण ते माझ्या मते सरावाच्या खात्यात होतं. घरी येऊन पोटऱ्यांसाठी अंगदुखीच्या गोळ्या घेत राहिले, खेळाडू घेतात त्या. किडनी अडचणीत असताना नेमक्या त्याच गोळ्या घ्यायच्या नसतात हे मला नंतर कळलं. हे वाचणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्या, पोहणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाला माझी एवढीच विनंती आहे: डॉक्टरांकडे गेलात की दुखणाऱ्या सगळ्या जागा सांगा. कुठली जागा कशाच्या खात्यात टाकायची ते त्यांना ठरवू द्या.

मला खरी काळजी होती ती चुकलेल्या सरावाची. अंथरुणात पडून मी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक पुन्हा आखत होते.

पिवळी

चौथ्या की पाचव्या सकाळी रेवा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आई, यू लुक यलो."

"हळदीकुंकवाचं असेल."

"नो, लाइक, रिअली यलो. युअर आइज." मग तिनं जोरात हाक मारली, "बाबा!"

महेशनं मला खिडकीपाशी नेलं, माझ्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आणि गाडीची किल्ली घेतली. वाटेत मला आठवलं की आदल्या दिवसापासून मला लघवीला जवळजवळ झालेलीच नाही. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगतेयस?" त्याचा आवाज चिरकला होता. मला वाटलं तो चिडलाय.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर भराभर प्रश्न विचारत होता. परदेशी जाऊन आलात? नाही. शेतावर काम करता? नाही, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जनावरांशी संबंध? नाही.

"नाही कसा?" महेश म्हणाला. एकदम मराठीत. मग डॉक्टरकडे वळून इंग्रजीत, "आमच्या गाडीत शेणाचा वास येतो. दर रविवारी. हिच्या स्कीजचा."

डॉक्टरनं लिहिणं थांबवलं. "स्कीज? भर उन्हाळ्यात?"

मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. चाकं, काठ्या, गायींची वाट, फुटलेले फोड, दातांनी ओढलेला हातमोजा. चढलेल्या तापात, पिवळ्या डोळ्यांनी मी त्याला रोलर-स्की कशी चालते ते हातवारे करून सांगत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, माझी पोटरी बोटांनी हलकेच दाबली, आणि मी किंचाळले.

लेप्टोस्पायरोसिस. गायीच्या मुतातून येणारा जंतू, जखमेतून किंवा तोंडातून शरीरात शिरणारा. तपासण्यांनी नक्की व्हायला वेळ लागला, पण औषध त्याच दुपारी सुरू झालं. किडन्या जवळपास बंद पडल्या होत्या, यकृत सुजलं होतं, हृदयाच्या स्नायूलाही झळ लागली होती.

ठाण्याच्या माझ्या थोरल्या बहिणीला, वंदूताईला, महेशनं फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लेप्टो? अहो, ते आमच्याकडचं. साचलेल्या पाण्यातनं होतं. तुमच्या त्या स्वच्छ देशात कसलं लेप्टो? उंदीर आहेत का घरात?"

"उंदीर नाहीत ताई. गाय."

"गायीचं?" ती म्हणाली. "इथे वास्तुशांतीला आम्ही शिंपडतो!"

त्या दिवशी हसलेली मी एकटीच होते. हसताना पोटऱ्यांपासून मानेपर्यंत सगळं दुखलं. मग मी डॉक्टरला माझा एकच प्रश्न विचारला, "ऑगस्टपर्यंत बरी होईन का?" महेश बाहेर निघून गेला.

वॉर्ड

मानेत नळी घालून मला डायलिसिसच्या यंत्राला जोडलं. त्याची भीती जोडेपर्यंतच असते. नंतर राहते ती थंडी आणि कंटाळा. जाड मोजे आणि फोनची लांब वायर, या दोन गोष्टी माझ्या मते डायलिसिसच्या पहिल्या दिवशी कुणी आठवणीनं आणून द्याव्यात. बाकी सगळं वॉर्डात मिळतं.

दिवस ठरलेला असायचा आणि ते मला बरं वाटायचं. पहाटे रक्त, मग वजन, मग टोस्टची गाडी. ताप, रक्तदाब. डॉक्टरांचा घोळका. एक नर्स दर वेळी नळी तपासून म्हणायची, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. तिनं ते म्हटलं नाही तर मी अस्वस्थ व्हायचे.

पाण्यावर बंधन होतं. दिवसभराचं मोजून दिलेलं. मी ते छोट्या कपांत वाटून ठेवायचे, दुपारसाठी एक जास्त. तहान काय असते ते मला तेव्हा कळलं. मी डोळे मिटले की पठारावरचा बर्फ दिसायचा, आणि मी वाकून तो तोंडात घालायचे. शर्यत, खाचा, वेग, काही नाही. नुसता मूठभर बर्फ.

भेटायला येणारी आपली माणसं प्रेमानं शहाळ्याचं पाणी घेऊन यायची. इथे ते खोक्यात मिळतं. "किडनीला थंड असतं." केळी, संत्री, टोमॅटोचं सार. बंद पडलेल्या किडनीला यातलं काहीही चालत नाही, कारण त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. नाही म्हटलं की लोक दुखावतात. शेवटी रेवानं दारावर मराठीत चिठ्ठी चिकटवली: "नारळपाणी नको. खरंच नको. आईला मोजे आणा." तिनं देवनागरीत लिहिलेली इतक्या मोठ्या मजकुराची चिठ्ठी मी तोवर पाहिली नव्हती. मोजे इतके आले की मी वॉर्डात वाटले.

शेजारच्या खाटेवर मेरे होती. सत्तरीची माओरी बाई, इथल्या मूळ लोकांतली. तिची किडनी कायमची गेलेली होती, ती कित्येक वर्षं डायलिसिसवर होती आणि आत्ता दुसऱ्याच कारणासाठी भरती झाली होती. सगळे तिला आंटी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले.

"तू पैसे देऊन दमायला जातेस?" माझी सगळी हकिगत ऐकून तिनं विचारलं.

"हो, आंटी."

"मला सांगितलं असतंस. माझी नातवंडं फुकट दमवतात."

एका दुपारी तिनं विचारलं, बर्फ हाताला कसा लागतो. सगळा जन्म उत्तर बेटावर गेलेला, तिनं तो लांबून शिखरांवरच पाहिला होता. मी सांगू लागले. पहाटेचा बर्फ साखरेसारखा कुरकुरीत असतो. दुपारी त्याला पाणी सुटतं आणि स्की चिकटते. ढगाळ दिवशी आकाश आणि जमीन वेगळी दिसत नाही, तेव्हा पायांनाच विचारून जावं लागतं. सकाळी पहिली गेलीस की खाचा अगदी कोऱ्या असतात, आणि स्की त्यात उतरल्यावर हलकासा आवाज येतो, रेशमी कापड ओढल्यासारखा. मी थांबले.

"पुढे?" ती डोळे मिटून म्हणाली. "मी अजून तिथेच आहे. मला तिथे टाकून जाऊ नकोस."

मी पुढे सांगितलं. रोज थोडं थोडं सांगितलं. ती कधी मधेच झोपी जायची. मी सांगत राहायचे, कारण ते मलाच ऐकायचं होतं.

मग एका सकाळी माझ्या किडन्यांनी काम सुरू केलं. मी लघवीचा पहिला भरलेला कप नर्सला दाखवला तेव्हा ती "स्वीट ॲज" म्हणाली नाही, तिनं मला मिठी मारली. पडद्यापलीकडून मेरे ओरडली, "काय झालं? लॉटरी?" मी सांगितल्यावर ती टाळ्या वाजवू लागली. तिच्यासाठी अशी सकाळ कधीच येणार नव्हती, आणि ती टाळ्या वाजवत होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वतःबद्दल कुरकुर करताना तो आवाज ऐकला आहे.

घर

घरी आले आणि मला वाटलं, आता सरावाला लागायचं. फाटकापर्यंत जाऊन पत्रपेटी उघडली आणि परत येऊन सोफ्यावर झोपले. तो माझा पहिला दिवस.

हा थकवा कुणाला समजावून सांगणं अवघड आहे. शर्यतीनंतरचा थकवा भरलेला असतो, हा पोकळ होता. रेवानं स्वयंपाक हाती घेतला. तिची खिचडी कधी खीर व्हायची, कधी खडे. "इट इट, आई. इट हॅज नो पोटॅशियम," ती म्हणायची. शाळेचं शेवटचं वर्ष, परीक्षा डोक्यावर, आणि ती डाळी उकळून पाणी फेकत होती. मी तिला एकदाही नीट थँक्यू म्हटलं नाही. मी सारखी पुढच्या तपासणीच्या तारखेकडे बघत होते.

किडनीच्या डॉक्टरबाईंनी नियम एकच दिला होता. धाप लागेल असं काही नको. हृदयाच्या स्नायूला आजार झाल्यापासून सहा महिने शांत ठेवायचं. चालताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं तर थांबायचं. मी घरी येऊन कॅलेंडरवर सहा महिने मोजले. ते शर्यतीच्या जेमतेम तीन आठवडे आधी संपत होते.

मग एक दिवस मी गॅरेजमध्ये गेले आणि रोलर-स्की जागेवर नव्हत्या. महेशनं त्या घासूनपुसून, पोत्यात बांधून वरच्या फळीवर टाकल्या होत्या. शिडीशिवाय हात पोचणार नाही अशा जागी.

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"त्या माझ्या आहेत, महेश. मी वापरत नाहीये. फक्त दिसायला हव्यात."

"मला दिसायला नको आहेत." तो हातातलं फडकं घडी करत राहिला, उलगडत राहिला. "अगं, मी तुला पिवळी बघितली आहे. तू नाही बघितलंस स्वतःला. तिथे पडल्या पडल्या तू डॉक्टरला विचारलंस, ऑगस्टपर्यंत बरी होईन का. मी बाजूला उभा होतो. मी त्याला विचारणार होतो, ही जगेल का. मला तो प्रश्न विचारताच आला नाही."

मी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि खुंटीला लावलं.

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. पण तो संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला येऊ लागला. कोपऱ्यापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग नदीकाठानं. मला वाक्यं बोलायला लावायचा, ती तुटतात का बघायला. "भाजीचे भाव सांग." "वंदूताई काय म्हणाली?" लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर आमच्याकडे रोज अर्धा तास बोलायला विषय होता, ही या आजाराची देणगीच म्हणायची. मी चालता चालता बोलायचे आणि मनात दुसरंच चाललेलं असायचं. इथे काठी टेकवली असती. इथे ढकल दिली असती. रविवारी पहाटे जाग यायची, आणि बार्ब आत्ता कुठल्या रस्त्यावर असेल ते मला नेमकं माहीत असायचं.

निकाल

ऑगस्टमधल्या तपासणीला मी एकटी गेले. किडनीचे आकडे उत्तम होते. डॉक्टरबाई खूश होत्या. मग त्यांनी हृदयाचं चित्र उघडलं आणि बोट एका जागी ठेवलं.

"हे थोडं राहिलंय. घाबरण्यासारखं नाही. पण आणखी तीन महिने."

"माझी शर्यत या महिन्यात आहे."

"होती," त्या सौम्यपणे म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बर्फावर जा. सपाटीवर हळू सरका, हरकत नाही. पण धाप नको. तुम्ही नियम पाळणाऱ्या दिसता."

गाडीत बसून मी रडले. हॉस्पिटलमध्ये रडले नव्हते. जगल्याचं, किडन्या परत आल्याचं, सगळ्याचं मिळून आत्ता. आणि हो, शर्यतीचंही. ते क्षुल्लक आहे हे मला पटवू नका. पन्नासाव्या वर्षी माणसाला काय हवं असावं ते दुसऱ्यानं ठरवायचं नसतं.

घरी सांगितल्यावर रेवानं मिठी मारली. महेश म्हणाला, "तिकिटं काढलेली आहेत ना? मग जाऊ."

"तू?" तो आजवर एकदाही आला नव्हता. थंडी त्याला सोसत नाही.

"तू एकटी गेलीस तर शर्यतीत घुसशील."

पठार

शर्यतीच्या दिवशी मी पाण्याच्या टेबलापाशी उभी होते. ब्लॅककरंटचं गरम सरबत कपांत ओतायचं आणि जाणाऱ्यांच्या हातात द्यायचं. महेश चार स्वेटर घालून केळी कापत होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होता, "ही माणसं हे मजेसाठी करतात?" बार्ब आली, कप घेतला, अर्धा सांडला. "गुड ऑन यू, मीनल!" ओरडत निघून गेली. ते स्कीजचं सरसरत जाणं, काठ्यांची टोकं बर्फात रुतण्याचा दबका आवाज, लाल चेहरे, मिशांवर गोठलेला श्वास. मी हसत कप देत होते. प्रत्येक पाठ लांब जाताना मी तिच्याबरोबर थोडं पुढे जात होते, आणि मग पुढचा कप भरत होते.

दुपार कलली. बहुतेक सगळे शेवटची रेषा ओलांडून आले होते. बार्बनं आपल्या स्की माझ्या पुढ्यात ठेवल्या. आमचे बूट एकाच मापाचे आहेत. "फक्त सपाटी," ती म्हणाली. मी महेशकडे बघितलं. त्यानं घड्याळ बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "बोलत जा गं काहीतरी."

मी खाचांत उतरले. एक ढकल दिली आणि सरकले.

पाय काही विसरले नव्हते. मी अगदी हळू गेले, एक ढकल, मग सरकणं संपेपर्यंत थांबणं, मग दुसरी. ठरल्याप्रमाणे मोठ्यानं बोलत होते, रेवाला काय घ्यायचंय, परतीचं विमान कधी आहे. शब्द तुटत नव्हते. कडेच्या डोंगरांवर ऊन पिवळं पडत होतं. हवा इतकी स्वच्छ होती की ती छातीच्या तळापर्यंत ओढून घ्यावीशी वाटत होती, आणि ती मी ओढली नाही.

असं करत मी पहिल्या वळणाशी पोचले. तिथून रस्ता उतरतो. लांब, सरळ, दरीच्या तळापर्यंत जाणारा उतार, सगळ्या पठारावरचा सर्वांत सुंदर. खाली सोडून दिलं की मैलभर काहीच करावं लागत नाही. पण खाली गेलेल्याला वर यावं लागतं, आणि तो चढ धापेशिवाय होत नाही. मी वळणावर काठ्या टेकून उभी राहिले.

खालून आवाज येत होता. शर्यतीतला शेवटचा माणूस चढ चढून येत होता. म्हातारा होता, टोपी तिरकी झालेली. दर पावलाला त्याचा श्वास घशात घासून बाहेर पडत होता. त्यानं मला बघितलं आणि थांबला, काठ्यांवर वाकला.

"बंद... झाली का... शेवटची रेषा?" वाक्याचे तुकडे तुकडे झाले होते.

"नाही, उघडी आहे. सरळ जा. सगळे वाट बघतायत," मी म्हणाले. एका दमात, पूर्ण वाक्यं.

त्यानं मान डोलावली आणि निघाला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. त्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता, खरखरीत, फाटलेला, भरभरून घेतलेला श्वास. या सगळ्या महिन्यांत मला इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं. उतार नाही, पदक नाही. त्याची धाप.

तो दिसेनासा झाल्यावर मी स्की वळवल्या, आणि नाकानं श्वास घेत, हळूहळू परत आले.